नदीचें तुटलेलें शिंग

समृद्धि ही हातांत धरून दाखवितां येईल अशी वस्तु नव्हे. धान्याची रास दिसते, फळांची पाटी दिसते, काठोकाठ भरलेली विहीर दिसते. परंतु या सर्वांच्या मागें असलेली जी भरभराट, ती मनानेंच जाणावी लागते. म्हणून प्रत्येक समाजानें तिला एखाद्या देवतेचें किंवा भांड्याचें रूप देऊन डोळ्यांपुढें उभें केलें आहे. आपल्याकडे अन्नपूर्णेच्या हातीं पळी असते. वनवासांतील पांडवांपाशीं सूर्यानें दिलेलें अक्षयपात्र असतें. आणि आपल्या कसारा, शहापूर, मुरबाड या डोंगरपट्ट्यांतील आदिवासी बांधव तर धान्यालाच कणसरी देवी मानून तिला वंदन करतात. युरोपांतील लोकांनीं याच कल्पनेला एका शिंगाचें रूप दिलें. फळाफुलांनीं ओसंडून जाणारें तें शिंग विद्यार्थ्यांनीं पुस्तकांतील चित्रांत किंवा जुन्या इमारतींच्या कोरीव कामांत कोठें ना कोठें पाहिलें असेल. लॅटिन भाषेंत 'कॉर्नु' म्हणजे शिंग व 'कोपिया' म्हणजे विपुलता. यावरून त्यास 'कॉर्नुकोपिया' असें नांव पडलें. आपण त्याला अक्षय शृंग म्हणूं.

या शिंगाची जन्मकथा व त्या कथेवर काढलेलें एक जुनें चित्र यांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. कथा ग्रीस देशाची आहे, चित्र बेल्जममधील आहे. तथापि त्यांचा अर्थ थळ घाटाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आपणां लोकांना जितका जवळून लागू पडतो, तितका फार थोड्यांना पडत असेल, असें आमचें मत आहे. तें कां, हें पुढें दिसून येईल.

हें चित्र आब्राहाम यान्सेन्स या चित्रकारानें इ. स. १६१९ च्या सुमारास काढलें. यान्सेन्स हा अँटवर्प शहरचा रहिवासी व जगप्रसिद्ध चित्रकार रूबेन्स याचा समकालीन. सतराव्या शतकांतील युरोपीय कलेच्या ज्या पद्धतीस 'बरोक' म्हणतात, तिचीं लक्षणें या चित्रांत स्पष्ट दिसतात. मानवाकृति मोठ्या असून अगदीं आपल्याजवळ आणून बसविल्यासारख्या वाटतात. प्रकाश आणि छाया यांतील विरोध ठसठशीत आहे. आणि वस्तूंचा भरगच्चपणा इतका, कीं चित्राच्या चौकटींत त्या मावत नाहींत असें वाटावें. 'अक्षय शृंगाची उत्पत्ति' या नांवानें ओळखलें जाणारें हें चित्र सध्यां अमेरिकेंतील सिॲटल शहराच्या कलासंग्रहालयांत आहे.

चित्रांत तीन जलदेवता आहेत. त्यांच्यापाशीं एक भलें मोठें शिंग आहे, व त्यांत त्या नानाविध फळें भरीत आहेत. एवढाच काय तो प्रसंग. अशा चित्रास रूपकचित्र म्हणतात. म्हणजे त्यांतील व्यक्ति ह्या नुसत्या व्यक्ति नसून एखाद्या विचाराचीं पात्रें असतात. येथें विचार उघड आहे: पाणी फळें देतें, आणि पाण्याच्या कृपेनेंच मनुष्याची ओंजळ भरते. पाहणाऱ्याचें मन प्रसन्न होतें, आणि तेथेंच बहुतेक लोक थांबतात.

परंतु थोडें थांबून पाहिलें तर एक प्रश्न उभा राहतो. हें शिंग कोणाचें? शिंग हें एखाद्या प्राण्याच्या मस्तकावर उगवतें. तें झाडाच्या फळासारखें पिकून आपोआप गळून पडत नाहीं. मग ज्याच्या मस्तकावर तें होतें, तो कोठें गेला? चित्रकारानें त्याला चित्रांत जागा दिलेली नाहीं. भरलेलें शिंग दिसतें. भरणारे हात दिसतात. ज्याचें शिंग गेलें तो मात्र दिसत नाहीं. या न दिसणाऱ्या धन्याची ओळख करून घेतल्यावांचून चित्राचा अर्थ पुरा होत नाहीं.

रोमन कवि ओव्हिड यानें आपल्या 'रूपांतरें' या काव्याच्या नवव्या सर्गांत ही कथा खुद्द त्या धन्याच्याच तोंडून वदविली आहे. त्याचें नांव अकेलोस. ही ग्रीस देशांतील एक मोठी नदी. आपण ज्याप्रमाणें शोण आणि ब्रह्मपुत्र यांना नद म्हणतों, त्याप्रमाणें ग्रीक लोक आपल्या नद्यांना पुरुषदेव मानीत. देयानिरा नांवाच्या राजकन्येसाठीं या नदीदेवाचें व महाबली हर्क्युलीस याचें द्वंद्व जुंपलें. मल्लयुद्धांत आपला टिकाव लागत नाहीं असें पाहून अकेलोसनें प्रथम सर्पाचें रूप घेतलें. तेंही व्यर्थ झालें, तेव्हां तो बैल झाला. हर्क्युलीसनें त्या बैलाला जमिनीवर लोळविलें आणि त्याचें एक शिंग उपटून काढलें. जलदेवतांनीं तें शिंग उचललें, फळांनीं व सुगंधी फुलांनीं भरलें, व पवित्र केलें. त्या दिवसापासून विपुलतेची देवता त्या शिंगाच्या योगानें श्रीमंत झाली.

कथेचा शेवट मोठा मार्मिक आहे. पुरामुळें वाट अडून राहिलेल्या पाहुण्यांना अकेलोस ही हकीकत आपल्या घरीं सांगत असतो. ती संपते न संपते तोंच एक परिचारिका तेंच शिंग घेऊन येते आणि त्यांतील शरद ऋतूचीं फळें पाहुण्यांस वाढते. पाहुणे तृप्त होतात. आणि यजमान? तो आपल्या कपाळावरील मोडकी जागा कोणाला दिसूं नये म्हणून वाळुंजाच्या पानांची किंवा बोरूची माळ मस्तकावर धारण करून ती झांकून घेतो. फळें सर्वांच्या पुढें, आणि जखम माळेखालीं, अशी ही मेजवानी आहे. अक्षय शृंगाविषयीं आणखीही एक कथा आहे; तींत बाळपणीं देवराज झ्यूसला दूध पाजणाऱ्या अमाल्थिया नांवाच्या शेळीचें तें शिंग होतें असें सांगतात. परंतु यान्सेन्सनें जलदेवता रंगविल्या असल्यामुळें त्याच्या मनांत नदीचीच कथा होती, यांत संशय नाहीं.

ही केवळ कविकल्पना नव्हे, हें जुन्या लोकांसही कळत होतें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं होऊन गेलेले भूगोलकार स्ट्राबो व इतिहासकार डायोडोरस या दोघांनीं या कथेची उकल करून ठेविली आहे. नदी पुराच्या वेळीं बैलासारखी डुरकते; तिच्या वळणांना लोक शिंगें म्हणतात. अकेलोस नदी आपल्या पुरानें भोंवतालचा मुलूख बुडवीत असे. हर्क्युलीसनें तिला बांध घातले, कालवे काढले, प्रवाह वळविला आणि बुडीत जमीन लागवडीखालीं आणली. शिंग मोडलें याचा अर्थ नदीचा एक फांटा मोडून वळविला. आणि तें शिंग फळांनीं भरलें याचा अर्थ त्या जमिनींत पीक डोलूं लागलें. म्हणजे पुराणांतला मल्ल हा व्यवहारांतला इंजिनियरच म्हणावयाचा!

या उकलीवरून दोन गोष्टी ध्यानांत धरण्यासारख्या आहेत. पहिली ही, कीं नदीला बांध घालणें हें पाप नव्हे. मनुष्यानें बुद्धि चालवून वाहून जाणारें पाणी अडविलें, त्यावर शेतें पिकविलीं, शहरें वसविलीं, यांत निंदेचें कांहीं नाहीं. दुसरी गोष्ट अशी, कीं प्रत्येक अक्षय शृंग हें मुळांत कोणाचें तरी तुटलेलें शिंग असतें. एका ठिकाणची विपुलता ही पुष्कळदां दुसऱ्या ठिकाणाहून आणलेली असते. पहिली गोष्ट विसरल्यास मनुष्य आळशी होतो. दुसरी विसरल्यास कृतघ्न होतो.

यान्सेन्सच्या शहराला ही दुसरी गोष्ट विसरणें शक्य नव्हतें. अँटवर्पचें सारें वैभव शेल्ट नदीवर अवलंबून होतें. या नदीनें समुद्रावरील गलबतें शहराच्या धक्क्याला येत. इ. स. १५८५ नंतर डच लोकांनीं नदीचें मुख अडविलें आणि या भरभराटलेल्या बंदराचा व्यापार खालावला. पुढें १६०९ सालीं बारा वर्षांची युद्धतहकुबी झाली. त्याच वर्षीं शहराच्या नगरभवनांतील एका दालनासाठीं यान्सेन्सकडून एक चित्र काढवून घेण्यांत आलें. त्याचें नांव 'स्काल्डिस आणि अँटवर्पिया', म्हणजे शेल्ट नदीचा देव आणि अँटवर्पची नगरकन्या. त्याच दालनासाठीं रूबेन्सनें पूर्वेकडील ज्ञानी पुरुष बाळ येशूस भेटी अर्पण करीत आहेत, असें चित्र काढलें. शहराचे कारभारी ज्या जागीं बसून विचार करीत, त्या जागीं नगरी आणि नदी एकमेकींसमोर रंगविलेल्या होत्या. कारभार करणाऱ्याची नजर कागदावरून उचलली तर ती नदीवर पडावी, हा बोध त्यांत होता, असें आम्हांस वाटतें.

आतां या दूरच्या नदीवरून आपल्या नद्यांकडे येऊं. मुंबई शहराला नळाचें पाणी प्रथम १८६० सालीं विहार तलावापासून मिळूं लागलें; १८७९ सालीं तुळशी तलाव झाला. हे दोन्ही तलाव शहराच्या जवळचे. परंतु वस्ती वाढत गेली आणि शहराची तहान साष्टीच्या डोंगरांत भागेना. तेव्हां इंजिनियरांची नजर आपल्या मुलुखाकडे वळली. १८९२ सालीं शहापूर तालुक्यांतील तानसा नदीवर बांधलेल्या धरणाचें पाणी मुंबईस गेलें. त्यानंतर वैतरणा नदीवर मोडकसागर झाला. महापालिकेचे नामवंत इंजिनियर मोडक यांचें नांव त्यास दिलें आहे. पुढें इगतपुरीच्या बाजूस ऊर्ध्व वैतरणा, शहापूरजवळ भातसा आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा, अशी ही मालिका वाढत गेली. आज मुंबईला सात तलावांतून रोज सुमारें ३८५ कोटी लिटर पाणी मिळतें, आणि त्यांतील जवळजवळ निम्में एकट्या भातसेचें असतें. पुराणांत सांगितलेली वैतरणी मेलेल्यांना ओलांडावी लागते. आपली वैतरणा मात्र जिवंतांना जगवीत आहे.

तानसेचें पाणी मुंबईस गेलें त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८९३ सालीं, बोरीबंदर स्टेशनासमोर महापालिकेचें भव्य भवन पुरें झालें. त्याच्या दर्शनी भागावर मुंबई नगरीची पंख असलेली मूर्ति आहे. समोर स्टेशनाच्या घुमटावर प्रगतीची मूर्ति आहे. कसाऱ्याहून पहांटेच्या लोकलनें गेलेला मनुष्य या दोघींच्या मधून आपल्या कामाला जातो. त्या दोन्ही मूर्ति सुंदर आहेत, परंतु त्यांच्याकडे पाहून तानसा, वैतरणा किंवा भातसा यांची आठवण होणारा मनुष्य लाखांत एखादाच निघेल. अँटवर्पच्या भिंतीवर नगरीच्या समोर नदी बसविणारा यान्सेन्स तेथें निघाला. मुंबईनें आपल्या नद्यांना असा मान द्यावा, अशी आमची इच्छा आहे.

कारण या नद्यांच्या कपाळावरही एक झांकलेली जखम आहे. शहापूर तालुक्यांत वर्षाकाठीं शंभर इंचांच्या घरांत पाऊस पडतो. आषाढ-श्रावणांत कसाऱ्याच्या घाटांतून जाणाऱ्या उतारूंना कड्याकड्यावरून धबधबे दिसतात, आणि 'काय हा पाण्याचा सुकाळ!' असें त्यांच्या तोंडून निघतें. परंतु सह्याद्रीचा काळा कातळ टणक आहे. त्यांत पाणी फारसें मुरत नाहीं. उतार तीव्र असल्यामुळें तें थांबतही नाहीं. थोड्याच वेळांत ओढ्यांतून नदीला व नदींतून धरणाला जाऊन मिळतें. होळीच्या सुमारास विहिरी तळ गांठूं लागतात, आणि चैत्र-वैशाखांत गांवोगांव व पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहण्याची वेळ येते. धरणें सखल जागीं, पाडे उंचावर. माळावर उभें राहिलें असतां खालीं निळाभोर जलाशय दिसावा आणि उशाशीं रिकामा हंडा असावा, अशी ही स्थिति वर्षानुवर्षें चालत आली आहे. ज्यांचीं घरें आणि शेतें धरणाच्या पाण्याखालीं गेलीं, त्यांच्याविषयीं तर काय बोलावें!

यान्सेन्सच्या चित्रांत भांडें भरणाऱ्या तिघीही स्त्रिया आहेत. आपल्याकडेही भांडें भरण्याचें काम स्त्रियांकडेच आलें आहे. त्या जलदेवतांच्या हातीं फळें आहेत. आमच्या आयाबहिणींच्या हातीं वाटी असते, आणि नदीच्या कोरड्या पात्रांत खणलेल्या झिऱ्यांतून त्या वाटी वाटी पाणी हंड्यांत भरतात. आईबरोबर मुलगीही जाते. डोक्यावर हंडा असतांना हातांत पुस्तक धरतां येत नाहीं. आणि नेमकी वार्षिक परीक्षा जवळ येते, तेव्हांच विहिरी आटलेल्या असतात. गणितांत किंवा भाषेंत एखादी हुशार मुलगी मागें पडली, तर पालकांनीं तिच्या बुद्धीला दोष देण्यापूर्वीं तिनें त्या महिन्यांत किती हंडे वाहिले, हेंही मोजावें. आमच्या मतें या सर्व प्रश्नाचें मोल लिटरांत मोजण्यापेक्षां या बुडालेल्या तासांत मोजावें, हें अधिक खरें.

येथें कोणी आक्षेप घेतील, आणि ते आक्षेप ऐकून घेणें न्यायाचें आहे. पहिला आक्षेप असा, कीं मुंबईची वस्ती २०११ च्या शिरगणतींतच सव्वा कोटीच्या जवळ गेली होती. एवढ्या लोकांची तहान ही मूठभर पाड्यांच्या तहानेहून मोठी नाहीं काय? याला उत्तर असें, कीं तहान माणशीं एकच असते. शहराचें पाणी तोडा असें कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. आपलींच मुलें, आपलेच भाऊबंद तेथें पोट भरण्यास गेले आहेत, आजारीपणांत आपण तेथल्याच इस्पितळांचा आधार घेतों, आणि आपल्या रानांतलीं करवंदें व जांभळें तेथल्याच बाजारांत विकलीं जातात. शिवाय या पाड्यांस जें पाणी लागेल, तें त्या ३८५ कोटी लिटरांपुढें घागरींतून ओंजळ काढल्याइतकेंही होणार नाहीं.

दुसरा आक्षेप पैशाचा. मुंबईस पाणी देणाऱ्या या कामांपैकीं कित्येकांसाठीं शहरानें आपल्या तिजोरींतून पैसा ओतला, मग वांटा मागण्याचा इतरांस काय अधिकार? यांतील कित्येक कामांस शहराचा पैसा लागला हें खरें. परंतु पाऊस कोणीं विकत घेतला नाहीं, व डोंगर कोणीं बांधला नाहीं. ज्या दऱ्यांत पाणी सांठलें त्या दऱ्या येथल्या, आणि बुडालेलीं रानें येथलीं. हर्क्युलीसचा पराक्रम मान्य केला, तरी शिंग अकेलोसचें होतें हें कोणाला नाकारतां येईल?

तिसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. पाणी खालीं, पाडे वर. तें चढवावयाचें म्हणजे पंप, नळ व वीज यांचा खर्च फार. हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु भातसेचें पाणी मुंबईस जातें तें तरी कोठें सर्वस्वीं आपल्या पायांनीं जातें? पिसे येथें तें पंपांनीं उचललें जातें, पांजरापूर येथें शुद्ध केलें जातें, आणि मग मोठमोठ्या नळांतून शहराकडे रवाना होतें. ज्या विद्येला हें साधलें, तिला दहापांच मैलांवरील पाडा अशक्य आहे, असें म्हणणें म्हणजे विद्येचाच अपमान होय. शिवाय सर्वच गांवांना खालून पाणी चढवावें लागेल असेंही नाहीं. घाटावरील भावली धरणांतून उतारानेंच पाणी आणून शहापूर तालुक्यांतील गांवांस देण्याची योजना आखली गेली आहे. म्हणजे अडचण अभेद्य नाहीं. हवी आहे ती तड लावण्याची चिकाटी.

आतां धर्मग्रंथ व पुराणें या बाबतींत काय सांगतात तें पाहूं. पांडवांच्या अक्षयपात्राचा एक नियम होता: द्रौपदीचें जेवण होईपर्यंत त्यांतून अन्न निघत राही, आणि तिचें जेवण झालें कीं त्या दिवसापुरतें तें पात्र थांबे. म्हणून ती सर्वांस वाढून झाल्यावर शेवटीं जेवी. विपुलतेचें भांडें ज्याच्या हातीं, त्यानें शेवटीं जेवावें, असा हा सुंदर दंडक आहे. बायबलांतील जुन्या करारांतही इस्राएल लोकांस अशी आज्ञा आहे, कीं शेत कापतांना त्याचे कोपरे कापूं नयेत व गळालेलीं कणसें वेंचूं नयेत. तीं गरीब आणि परके यांच्यासाठीं ठेवावीं. याच रिवाजाच्या आधारें विधवा रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेंचूं शकली. पीक धन्याचें खरें, परंतु कोपरा त्याचा नव्हे.

दावीद राजाची एक गोष्ट तर पाण्याचीच आहे. तो युद्धांत अडकला असतां आपल्या बेथलेहेम गांवच्या वेशीजवळील विहिरीचें पाणी कोणी पाजील तर किती बरें होईल, असें त्याच्या तोंडून सहज निघालें. तें ऐकून त्याचे तीन वीर शत्रूच्या छावणींतून वाट काढीत गेले व त्यांनीं तें पाणी आणलें. दावीदानें तें घशाखालीं उतरविलें नाहीं. ज्यासाठीं माणसांनीं आपले प्राण धोक्यांत घातले तें पाणी म्हणजे त्यांचें रक्तच होय, असें मानून त्यानें तें परमेश्वरापुढें ओतलें. मुंबईकरांनीं पाणी ओतून टाकावें असा याचा अर्थ नव्हे. त्यांनीं तें एक थेंबही वाया न घालवितां वापरावें, हाच त्याचा अर्थ. पाण्यामागें माणसें असतात, हें राजाला कळलें होतें. आपणां सर्वांना तें कळलें पाहिजे.

परंतु केवळ दुसऱ्याला उपदेश करून आपलें कर्तव्य संपत नाहीं. अकेलोसनें माळ घालून जखम झांकली, ती आपणही झांकून बसलों तर दोष आपलाही आहे. पालकांनीं ग्रामसभेंत पाण्याचा विषय उन्हाळ्यांत हंडे रिकामे झाल्यावर काढण्याऐवजीं पावसाळा संपतांच काढावा. काय मंजूर झालें, काय अपुरें राहिलें, याची नोंद ठेवून शांतपणें पण नेटानें विचारावें. आक्रोश करणाऱ्याला टँकर मिळतो; हिशेब विचारणाऱ्याला नळ मिळतो. पाणी आणण्याचें काम एकट्या मुलींवर न टाकतां घरांतील मुलग्यांनींही तें वांटून घ्यावें. हंडा उचलल्यानें पुरुषार्थाला उणेपणा येत नाहीं; उलट ज्या घरांत भाऊ हंडा उचलतो, त्या घरांत बहिणीला धडा वाचण्यास वेळ मिळतो.

विद्यार्थ्यांनींही या कामांत आपला वांटा उचलावा. आश्विन-कार्तिकांत ओढे वाहत असतांनाच रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालतां येतो. त्यानें पाणी कांहीं आठवडे तरी थांबतें व आसपासच्या विहिरींस त्याचा उपयोग होतो. शाळेच्या व घरच्या छपरावरून पडणारें पावसाचें पाणी पन्हळीनें टाकींत घेतां येतें. झऱ्याच्या वरच्या अंगास रान तोडूं नये, गुरें झऱ्यांत उतरूं देऊं नयेत. हीं कामें लहान आहेत. त्यांनीं धरण होणार नाहीं. परंतु हर्क्युलीसनें तरी काय केलें? वाहून जाणाऱ्या पाण्याला अडवून त्याचा उपयोग करून दाखविला. तो पराक्रम ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणें प्रत्येकाला करतां येतो.

आणि तुमच्यांतील कित्येक जण पुढें शिकून मुंबईस राहावयास जाल. तेथें नळाची चावी फिरवितांच पाणी येईल, आणि तें कोठून येतें हा प्रश्न भोंवतालच्या लोकांना पडणार नाहीं. तुम्हांला तो पडला पाहिजे. तुमच्यांतील कोणी इंजिनियर होतील, कोणी महापालिकेंत नोकरी करतील, कोणी नुसतें मत देणारे नागरिक असतील. कोणत्याही पदावर असलां, तरी पाण्याचा आराखडा पुढें आला म्हणजे त्यावर ज्या गांवांतून नदी येते त्यांचीं नांवें आहेत कीं नाहींत, हें प्रथम पाहा. नसल्यास तीं लिहा. शिक्षणाचा उपयोग याहून मोठा कोणता?

यान्सेन्सनें फळांनीं भरलेलें शिंग रंगविलें, आणि तें पाहून आजही लोक आनंदित होतात. आनंद जरूर घ्यावा. मात्र त्या फळांवर हात टाकतांना प्रत्येकानें एकदां त्या न रंगविलेल्या नदीदेवाकडे वळून पाहावें, त्याच्या कपाळावरील माळ हलकेंच बाजूला सारावी, आणि भरलेल्या शिंगांतील पहिली ओंजळ त्याच्या हातांत ठेवावी. असें होईल तेव्हांच तें शिंग खऱ्या अर्थानें अक्षय म्हणतां येईल. तोंपर्यंत तें दुसऱ्याचें तुटलेलें शिंगच राहणार.